तीस पट्ट्या आणि एक लाल ठिपका

मित्रांनो, माझ्या अंगावरचं क्वचितच काही दोन दिवस टिकायचं, म्हणून मलाही कधी स्वस्थता मिळाली नाही. मी पांढरा फळा आहे, आता जुना झालेला. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर, उसाच्या शेतांना लागून कुलंबी नावाचं गाव आहे. तिथल्या पेलिकन फुटबॉल क्लबाच्या वरच्या खोलीत मी एकोणीस वर्षं भिंतीवर होतो.

ब्रिस्बेनच्या एका शेडमध्ये पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून मला तयार केलं. आपण शाळेत जाणार, असं मी मनाशी धरून चाललो होतो. पाढे, नकाशे, दुपारची सुट्टी. पण चौघांनी मला अरुंद जिन्यानं वर चढवलं, वळणावर माझा एक कोपरा चेपला, आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर माझी कायमची सोय झाली. खिडकीतून अख्खं मैदान दिसायचं. तिथला फुटबॉल लांबट चेंडूचा, अंगावर अंग आदळण्याचा. खाली लोक धडका मोजत आणि वर माझ्यावर डॉलर मोजले जात.

लीगनं प्रत्येक क्लबला वर्षाच्या पगाराची एक मर्यादा आखून दिली होती. आमची एक कोटी वीस लाख डॉलरची. त्यात तीस खेळाडू बसवायचे. पांघरूण एकच आणि झोपणारे तीस, मग कुणाचे तरी पाय उघडे पडणारच! प्रत्येकाच्या नावाची चुंबकाची पट्टी होती आणि पट्टीखाली त्याचा आकडा. खेळ रचणाऱ्याला, म्हणजे ज्याच्या एका पासवर सामना फिरतो त्याला, पोतंभर पैसे. पुढच्या फळीत छाती पुढे करून धडका घेणाऱ्यांना ओंजळभर. तळाला नवी पोरं, त्यांना लीगनं ठरवलेलं किमान. मला हा हिशोब कधीच पटला नाही, पण फळ्याचं मत कोण विचारतो?

हा सगळा कारभार ग्लेनिस प्रिडो बघायची. वय अठ्ठावन्न, आवाज खडा, चहा कपात थंड होईपर्यंत विसरायची सवय. खेळाडूंचे करार तीच करायची. सकाळी आली की चष्मा कपाळावर सरकवून माझ्यासमोर उभी राहायची आणि पट्ट्या हलवायला लागायची. ही वर, ती खाली, पुन्हा ही खाली. दिवसातून चाळीस वेळा. रात्रभर मला वाटत राही, उद्या कोण कुठे जाणार? खेळाडूंना त्या खोलीत यायला मनाई होती. जिन्यावर पाऊल वाजलं की ती उठून माझ्यावरचा पडदा ओढायची.

आम्ही अजिंक्यपद जिंकलं त्या वर्षी प्रशिक्षक रस हॅलोरननं माझ्या पाठीवर, म्हणजे भिंतीवरच, थाप मारली होती. "कप या फळ्यानं जिंकलाय!" असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

आता ज्या गोष्टीनं माझी झोप गेली ती सांगतो. तीन वर्षांपूर्वी क्लबला ब्रेडन टिल्सी हवा होता. खेळ रचणारा, तेवीस वर्षांचा, अख्ख्या लीगची नजर त्याच्यावर. त्याला द्यायला तेवढे पैसे नव्हते. मग ग्लेनिसनं या धंद्यातली नेहमीची युक्ती केली. पहिली दोन वर्षं सहा-सहा लाख आणि तिसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षाचं तिसऱ्या वर्षी बघू! तरीही थोडी जागा कमी पडत होती. ती तिनं सेमिसीकडून घेतली.

सेमिसी लातू टोंगाचा. नऊ वर्षं आमच्या पुढच्या फळीत होता, नाक दोनदा मोडलेलं, हसणं लहान मुलासारखं. बायको अना गावच्या दवाखान्यात परिचारिका, मुलगी तिथल्याच शाळेत. त्याला कुलंबी सोडायचं नव्हतं, बाकी काही नको होतं. ग्लेनिसनं फोनवर त्याला म्हटलेलं मी ऐकलं. "दोन वर्षं कमी घे, सेमिसी. पुढची दोन वर्षं पुऱ्या पगारावर तू इथंच. माझा शब्द."

हा शब्द कागदावर आला असता, तर पुढच्या वर्षांचे ते पैसे लीगनं त्याच दिवशी मर्यादेत धरले असते, आणि मग टिल्सी बसला नसता. लीगच्या नियमात असा लपवलेला शब्द गुन्हा होता. म्हणून तिनं तो लिहिला नाही. सेमिसीच्या पट्टीशेजारी फक्त एक लाल ठिपका दिला. माझ्यावर पुष्कळ जागा रिकामी होती, मित्रांनो. तरी एक ठिपकाच.

दोन वर्षं हां हां म्हणता गेली. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर टिल्सीचे अकरा लाख माझ्यावर चढले आणि सगळी गणितं कोलमडली. ग्लेनिस सकाळ-संध्याकाळ पट्ट्या हलवत होती. बोटांनी नुसती रेटत होती, पुन्हा पुन्हा तिथंच आणत होती. माझा मुलामा घासून निघाला.

रस खुर्ची ओढून बसला. "ग्लेन, हे बसत नाही गं."

"बसवते."

"पाच दिवस हेच म्हणतेयस. सेमिसीला सोड. बत्तीसचा झालाय, इंग्लंडातला एखादा क्लब घेईल त्याला."

"मी शब्द दिलाय त्याला."

"कुठे लिहिलाय?"

रसनं माझ्याकडे पाहिलं, लाल ठिपक्याकडेही पाहिलं, आणि त्याला त्यात काही दिसलं नाही. तो गेल्यावर तिनं सेमिसीची पट्टी काढली आणि बिस्किटांच्या डब्यात टाकली. क्लब सोडून गेलेल्यांच्या पट्ट्या त्या डब्यात राहायच्या. त्याला ती दोन दिवसांत सांगणार होती. दोनाचे सहा झाले.

त्या आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. पाय पट्टीत बांधून ती बसली होती, जेवायला खाली जाता येत नव्हतं. बुधवारी दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. ती धडपडत उठायला गेली, पण पडद्यापर्यंत पोचली नाही. दारात सेमिसी उभा होता, हातात चांदीच्या कागदात बांधलेलं पुडकं.

"मावशी, अनानं लू पाठवलंय. अळूची पानं, आत मटण. म्हणाली, मावशीचा पाय दुखतोय, जिना तूच चढ."

बोलता बोलता त्याची नजर माझ्यावर आली. तो वरपासून खाली वाचत गेला, हळूहळू, ओठ हलवत. तळापर्यंत गेला आणि पुन्हा वर आला. मित्रांनो, त्या वेळी मला भिंतीत शिरावंसं वाटलं. जिथं त्याची पट्टी होती तिथं नुसता ठिपका होता.

"माझं नाव कुठंय?"

"बस ना जरा, सेमिसी."

"उभा ठीक आहे मी. नाव कुठंय?"

"टिल्सीचे पैसे अंगावर आले. सगळं करून बघितलं मी. नाही बसत."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. पण लिहिला नव्हता रे. लिहिता येत नव्हता."

सेमिसी थोडा हसला. "मावशी, मी अनालाही काही लिहून दिलं नव्हतं. बारा वर्षं झाली." मग त्यानं पुडकं टेबलावर ठेवलं. "गरम आहे तोवर खा. नारळाचं दूध गार झालं की चव जाते." आणि तो खाली गेला. त्याची पावलं मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकली.

ग्लेनिसनं पुडकं उघडलं नाही. ती लंगडत माझ्याजवळ आली, न पुसलं जाणारं मार्कर घेतलं आणि ठिपक्यापुढे मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सेमिसी लातू, दोन वर्षं, पूर्ण पगार. हा शब्द मी दिला आणि लपवला. ग्लेनिस प्रिडो.' अक्षर वाकडं आलं. मग तिनं लीगच्या कचेरीत फोन लावला.

लीगनं निकाल दिला, तोंडी शब्द हाही करारच, तो पाळा. तो पाळायचा तर जागा हवी होती, म्हणून टिल्सीला सिडनीच्या एका क्लबात पाठवावं लागलं. शब्द लपवल्याबद्दल क्लबचे चार गुण कापले. ग्लेनिसवर दोन वर्षांची बंदी आली. पुढच्या मोसमात बाद फेरी आमची दोन गुणांनी हुकली, आणि गावानं सगळा राग तिच्यावर काढला. खाटकाच्या दुकानात लोक तिच्याशी बोलेनात.

मोसमाच्या शेवटच्या सामन्याला ती आली होती. मला खिडकीतून दिसत होती, गवताच्या उतारावर एकटी, आजूबाजूची जागा रिकामी. सामना संपला तसा सेमिसी, चिखलानं माखलेला, कुंपण ओलांडून तिच्याशेजारी जाऊन बसला. मागून कुणीतरी ओरडत होतं. दोघंही वळले नाहीत. थोड्या वेळानं अना आणि त्यांची मुलगीही येऊन बसल्या, आणि ओरडणं हळूहळू थांबलं.

आता ग्लेनिसच्या जागी आलेला माणूस संगणकावर काम करतो. न पुसल्या जाणाऱ्या अक्षरांमुळे मी कुणाच्या कामाचा उरलो नाही. चेंडू ठेवायच्या खोलीत मला आडवा टेकवलाय, अंगावर धूळ बसते. तरी मी स्वस्थ नाही. येणारी-जाणारी नवी पोरं मान वाकडी करून माझ्यावरचं वाचतात आणि विचारतात, हे काय आहे? त्यांना सांगायला मला तोंड नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मित्रांनो, कुणाला शब्द देण्याआधी स्वतःला विचारा, हा मी सगळ्यांना दिसेल असा लिहू शकेन का? लिहू शकत नसाल, तर देऊ नका. आणि दिलेला शब्द मोडायची वेळ आलीच, तर आपणहून जा आणि सांगा. तो माणूस तुमच्यासाठी जेवण घेऊन जिना चढून येईपर्यंत थांबू नका.