टेकाडाखालचे राज्य

मी सिमेंटचा एक पाइप बोलतो आहे. खराडीतल्या एका बालवाडीच्या अंगणात, मातीच्या टेकाडाखाली मी पुरलेला आहे. माझी दोन्ही तोंडे मात्र उघडी आहेत, म्हणून बोलता येते.

माझा जन्म वाघोलीकडचा. लोखंडी जाळीभोवती ओले सिमेंट घालून साचा गरागरा फिरवतात आणि त्या फिरण्यातून आमच्या पोटातली पोकळी घडते. खराडीत तेव्हा ज्वारीच्या रानांतून काचेच्या इमारती वर येत होत्या. त्यांपैकी एकीचे सांडपाणी वाहणे माझ्या नशिबी होते. पण गाडीतून उतरवताना माझे दोन तुकडे झाले. त्या जमिनीचे जुने मालक रावसाहेब तिथेच उभे होते.

"फेकताय कशापायी? आमच्या सूनबाईच्या शाळेत टाका. पोरं खेळतील."

त्यांची सून पूर्णिमा कर्वेनगरात वाढलेली. राहत्या घराच्या पडवीत ती बालवाडी चालवत असे. माझे तुकडे थोडे कोनात जोडून वर मातीचे टेकाड रचले गेले. त्या कोनामुळे एका तोंडातून पाहणाऱ्याला दुसरे तोंड दिसत नाही. मोठ्या माणसाचे खांदे माझ्यात मावत नाहीत. मधल्या वळणावर भरदुपारीही काळोख असतो.

पहिली वर्षे सुखाची गेली. मुले टेकाडावर चढत, घरंगळत खाली येत, माझ्यातून रांगत. शिरताना प्रत्येक मूल क्षणभर थबके आणि बाहेर पडताना आरोळी ठोके. भोकाच्या दगडातून पार होऊन नवे होण्याची कल्पना माणसांत फार जुनी आहे. या मुलांना ती कोणी सांगितली नव्हती. पण आईचा पदर न सोडणारे मूल माझ्यातून पार झाले, की निघताना त्याचा श्वास वेगळा लागे, एवढे मी माझ्या भिंतींवरून सांगू शकतो.

मग पडवीत कॅमेरा आला. काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या आईबापांना आपापल्या संगणकावर शाळा पाहता यावी, अशी ती सोय होती. परंतु चित्र कूर्मगतीने पोहोचे. बसलेले मूल स्वच्छ दिसे. पळणारे मूल चौकोनांत फुटून नाहीसे होई. फोन येऊ लागले. अपेक्षा नावाच्या चार वर्षांच्या मुलीची आई शालू, अकोल्याहून नोकरीसाठी आलेली, समोरच्याच इमारतीत बसे. एकदा ती प्रत्यक्ष आली आणि टेकाडाशेजारी उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझी अपेक्षा दिसतच नाही हो. नुसता धूर दिसतो तिच्या जागी. जीव घाबरतो ना माझा."

पूर्णिमाने उपाय केला. मुले दिसावीत म्हणून तिने त्यांना बसवले. सतरंजीवर ओळ, हाताची घडी, तोंडावर बोट. अंगणात सोडायचे ते डबा खाण्यापूर्वी थोडा वेळ, तेही पळायचे नाही या अटीवर.

"शाळा हाय का फोटो स्टुडिओ?" रावसाहेबांनी विचारले.

"आबा, फी फोटो बघणाऱ्यांकडूनच येते," पूर्णिमा म्हणाली.

पळणे बंद झाल्यावर खेळ संपला नाही. तो कुजबुजीत गेला, आणि कुजबुजीतला खेळ विधीच्या फार जवळ असतो. विष-अमृत आपण सारे जाणता. ज्याच्यावर राज्य, त्याने शिवून 'विष' म्हटले की शिवलेल्याने होता तसा गोठायचे. दुसऱ्या खेळगड्याने शिवून 'अमृत' म्हटले की सुटायचे. या मुलांना पळण्याची मनाई असल्याने पाठलाग करणारा गडी नकोच होता. एके दिवशी ती माझ्या तोंडाशी कोंडाळे करून बसली आणि राज्य कोणावर हे ठरवण्यासाठी मोजू लागली. मोजताना त्यांनी मलाही धरले. शेवटचे बोट माझ्यावर थांबले.

"पाइपावर राज्य," ती हळूच म्हणाली. "जो पाइपाला शिवेल, तो विष."

मला हात नाहीत, पाय नाहीत. पाठलाग करता येत नाही. वाट पाहता येते. त्या क्षणापासून माझी भिंत ही केवळ भिंत राहिली नाही. माझे मलाच ते जाणवले.

अपेक्षा तोल जाऊन माझ्यात आली की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. ती वळणापर्यंत रांगली आणि तिथे तिला नियम आठवला. तिने पाठ माझ्या गोलाईला टेकली, गुडघे जवळ घेतले आणि ती गोठली. बाहेर घंटा झाली. मुले मुकाट ओळीत गेली. तिला सोडवायला आत यावे, तर मला शिवणारा स्वतःच विष होणार. नियम नियम असतो.

तिचा श्वास मंद होत गेला. मी सिमेंट आहे, तरीही सांगतो, तिची पाठ माझ्याहून थंड वाटू लागली होती.

मूल कमी आहे, हे पूर्णिमाच्या ध्यानात आले तेव्हा धावपळ उडाली. शेजारी नव्या इमारतीचा पाया खोदलेला होता आणि त्यात पाणी साचलेले होते. रावसाहेब धोतर सावरत तिकडे गेले. बांधकामावरच्या माणसांनी बांबूंनी पाणी ढवळले. तो आवाज मातीतून माझ्यापर्यंत येत होता. पूर्णिमाने माझ्या तोंडाशी वाकून हाक मारली, "अपेक्षा!" तिला ऐकू जातील असे शब्द माझ्यापाशी नाहीत, आलेला आवाज परत देणे तेवढे जमते. वळणावरून मी नाव परत दिले. रिकामाच आहे, असे समजून ती वळली.

मग तिने तिथेच बसून शालूला फोन लावला. शालूचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"शालूताई, अपेक्षा सापडत नाहीये."

"काय म्हणता मॅडम? ती तर बसली आहे ना. मी बघतेय. तिच्या जागेवर, हाताची घडी घालून."

पूर्णिमाने पडवीकडे पाहिले असावे. तिचा हात माझ्या काठावर घट्ट झाला. "तिची जागा रिकामी आहे हो. चित्र अडकलं असेल."

"अडकलं कुठं? बाकीची मुलं चुळबुळतात. चित्राखालचं घड्याळ पुढं जातंय. अपेक्षाच तेवढी हलत नाही." शालूचा स्वर समाधानाने मऊ झाला. "किती शांत बसलीय आज."

पूर्णिमाच्या हातून फोन मातीत पडला. ती मुलांपुढे गेली. एवढ्या गलबल्यात त्यांना कोणी काही विचारलेच नव्हते.

"कोणी पाहिलं का अपेक्षाला? साईनाथ, बोल ना!"

"तुम्हीच म्हणालात, तोंडावर बोट," साईनाथ बोटाआडून म्हणाला.

"काढ ते बोट, राजा. सांग."

"ती विष आहे. पाइपात."

"मग जा ना आत! आण तिला!"

"आम्ही पण विष होऊ. पाइपावर राज्य आहे."

पूर्णिमाने माझ्यात तोंड घालून 'अमृत, अमृत' अशा हाका मारल्या. मीही त्या परत दिल्या. काही झाले नाही.

"तुम्ही खेळात नाही," मुलांतून कोणीतरी शांतपणे समजावले.

मग तिने पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि माझ्या पाठीवरच्या मातीला हात लावून ती मोठ्याने म्हणाली, "पाइपावरचं राज्य सुटलं. राज्य माझ्यावर!"

"तुम्ही पळणार?" साईनाथने खात्री करून घेतली.

"पळणार. आणि पकडणार. पळा!"

कितीतरी दिवसांनी टेकाड हादरले. सारी पडवी अंगणात सांडली. मातीत पडलेला फोन एकटाच बोलत होता, "हॅलो? मॅडम? सगळी मुलं उठली हो... अपेक्षा एकटीच बसलीय. हॅलो?"

पूर्णिमाला हुलकावणी देऊन साईनाथ माझ्यात शिरला. मी आता नुसता पाइप होतो. वळणावर त्याने तिच्या खांद्याला हात लावला.

"अमृत!"

तिच्या छातीत श्वास असा शिरला, की माझी सांध्याची भेग करकरली. ती उठली, धडपडली आणि दुसऱ्या तोंडातून आरोळी ठोकत बाहेर पडली.

त्याच वेळी फोनमधून किंकाळी आली. "मॅडम! ती गेली! आत्ता होती, आत्ता जागा रिकामी झाली! कुठं गेली माझी पोरगी?"

पूर्णिमाने धापा टाकत फोन उचलला. "पळतेय, शालूताई. तुम्हाला तिथून दिसणार नाही. खाली या."

शालू आली तेव्हा लेक मिठीत थांबली नाही. आईच्या हाताखालून निसटून टेकाडावर चढली. शालू मटकन माझ्या तोंडाशी बसली आणि रडत राहिली. पडवीतला कॅमेरा त्याच संध्याकाळी उतरला. काही पालकांनी मुले काढून घेतली. उरलेल्यांबरोबर पूर्णिमा रोज पळते. तिच्या टाचा आता मला ओळखता येतात.

आता या अंगणातून रस्ता जायचा आहे, म्हणे. यंत्र येईल, मला उकरून काढील, फोडील. त्याची मला खंत नाही. जाण्यापूर्वी आपल्याला एवढेच सांगणे आहे: आपले मूल फार वेळ निश्चल बसलेले दिसले, तर शहाणे झाले म्हणून हरखू नका. त्याच्याजवळ जा, त्याला शिवून पाहा, आणि पळायला जागा द्या. काही मुले गुणी असतात म्हणून शांत नसतात. कोणीतरी येऊन सोडवील, याची ती वाट पाहत असतात. आणि ती किती काळ वाट पाहू शकतात, हे मी माझ्या भिंतीवर अनुभवले आहे.