काचेखालची पांढरी बाग

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, पण साधीसुधी नाही. माझ्या तळाला काच आहे. बाकीच्या होड्या पाण्यावरून नुसत्या जातात, मी पाण्यात डोकावत जाते. या गोष्टीचा मला भारी तोरा होता आणि तो मी कधी लपवलाही नाही.

मला दोघा भावांनी मिळून बांधलं. थोरला सुतार, धाकटा नावाडी. काच बसवताना थोरला म्हणाला, "फुटली तर मला बोल लावायचा नाही हं." धाकटा हसून म्हणाला, "फुटली तर बोलायला मी वर येईन का?"

पुढे थोरला कामासाठी दूरच्या शहरात गेला आणि वर्षातून एकदा पाहुण्यासारखा येऊ लागला. नावाडी मात्र बायकोला सांगायचा, "मी काही घर सोडून जायचा नाही." त्याचं घर किनाऱ्यालगतच होतं. खाली दोघं राहायची, वरच्या खोल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना द्यायची. पाहुणे यायचे ते माझ्या काचेतून प्रवाळांची बाग बघायला. जांभळे, शेंदरी, पिवळेधमक प्रवाळ आणि त्यांच्यामधून सुळकन निसटणारे मासे! नावाड्याच्या तोंडाला तर कुलूपच नव्हतं. "तो जाडोबा बघा," तो म्हणायचा, "अगदी माझ्या सासऱ्यांसारखा. जगबुडी आली तरी घाई करणार नाही."

मग तो उन्हाळा आला. पाणी इतकं तापलं की माझ्या फळ्यांनाही ते नकोसं वाटू लागलं. एके सकाळी आम्ही बागेवर पोचलो आणि मी हादरलेच. सगळी बाग पांढरी! कुणी रातोरात चुना फासावा तशी. एकाही फांदीवर रंग उरला नव्हता. नावाड्याचं वल्हं हातातच थांबलं.

आणि माझ्यात बसलेल्या लोकांनी काय केलं असेल? त्यांनी टाळ्या वाजवल्या! "अहाहा, काय सुंदर!" म्हणत काचेवर गर्दी केली, फोटो काढले. ते फोटो जिकडेतिकडे पोचले आणि पाहुण्यांची रीघ लागली. वरच्या खोल्या भरल्या, मग नवरा-बायकोनं आपली खोलीही दिली आणि स्वतः स्वयंपाकघरात पथारी टाकली. नावाड्यानं दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं, 'चला, पांढरी बाग पाहू या.'

एवढ्यात त्याची मेहुणी आली. ती पाणबुड्याचं काम करायची. तिनं बागेत बुडी मारली, वर आली आणि माझ्या काठाला धरून नुसती धापा टाकत राहिली.

"भाऊजी, हे प्रवाळ मरणाच्या दारात आहेत," ती म्हणाली. "हे दगड नाहीत, जीव आहेत. पाणी तापलं की त्यांना रंग आणि खाणं देणारे इवले जीव निघून जातात आणि त्यांची उपासमार सुरू होते. पाणी निवेपर्यंत त्यांना जरा निवांत राहू द्या."

"अगं, घर भरलंय माझं! पाहुण्यांना काय सांगू?"

"खरं आहे ते सांगा."

त्यानं मान खाली घातली. पाहुण्यांना सांगितलं मात्र काहीच नाही. मला त्याचा राग आला आणि कीवही आली.

पाणी निवलं नाही. पांढऱ्या बागेवर मळकट तपकिरी शेवाळ चढलं. मासे गेले, तो जाडोबाही दिसेना. एक आजीबाई काचेत बराच वेळ बघून म्हणाल्या, "अहो, काच पुसा की! काहीच दिसत नाहीये." नावाडी गुडघ्यांवर बसला आणि पुसत सुटला. काच लख्ख होती, मित्रांनो. तरीही तो पुसतच राहिला. शेवटी आजीबाईंनीच त्याचा हात धरला.

त्यानंतर पाहुणे येईनासे झाले. वरच्या खोल्यांना कुलपं लागली. नावाड्यानं मला वाळूत उपडं घातलं आणि पिशवी उचलून तो भावाकडे शहरात गेला. बायको दारात उभी राहिली, पण तिच्यानं हातही हलवला गेला नाही.

काल एक माणूस मला विकत घ्यायला आला. माझ्या काचेवर टकटक करून तो खुशीत म्हणाला, "वहिनी, आमच्या किनाऱ्याला अशीच होडी हवी होती. आमची बाग आता पांढरी पडायला लागलीय ना! काय गर्दी उसळलीय म्हणून सांगू!"

ऐकून माझ्या फळ्या गार पडल्या.

"होडी घेऊन जा," नावाड्याची बायको म्हणाली, "पण तिच्यात बसणाऱ्यांना सांगा हो, ते सगळं मरतंय म्हणून."

"असं सांगितलं तर बसेल कोण?" तो हसला.

उद्या मला ट्रकवर चढवतील. मी होडी आहे, नेतील तिथे जाईन. मला ओरडता येत नाही. तुम्हाला येतं. कधी माझ्यात बसलात आणि खाली सगळं पांढरंशुभ्र दिसलं, तर टाळ्या वाजवू नका. होडीवाल्याला मोठ्यानं विचारा, "काका, इथला रंग कुठे गेला?" आणि तो खरं सांगेपर्यंत विचारत राहा.