चोरखिसा

"या खिशाचं तोंड उघडून द्या, मास्तर," म्हणत गिरजाबाईनं पांढरी बंडी शिलाई मशीनवर ठेवली आणि दुकानाच्या पायरीवर टेकली. "तुमीच शिवलं, तुमालेच सापडन. मी दोन रोज बोटं घालून पाह्यले."

सैफुद्दीन मास्तरचा पायडलवरचा पाय थांबला. बाजाराचा दिवस होता. शेलूबाजारच्या चौकात जीपवाले आसेगाव, मंगरूळ ओरडत होते. बंडी ओळखायला त्याला चष्मा लागला नाही. जानेवारीत त्यानंच ती शिवली होती. आता एप्रिल सरत आला होता आणि बंडी घालणारा गिरजाबाईचा नवरा नथ्थू उरला नव्हता.

मास्तरचा हात तसा बेताचाच. त्याची पॅन्ट नीट बसली असं सांगणारा माणूस पंचक्रोशीत शोधावा लागेल. पण चोरखिसा शिवावा तर सैफुद्दीननंच. कोणी तिरुपतीला निघो, कोणी हजला, आधी मास्तरकडे चक्कर. आतल्या शिवणीत असा खिसा बसवायचा की घालणाऱ्यालाही चाचपावं लागे. तोंड एका दोऱ्यानं बंद, आणि कोणता दोरा ओढायचा ते फक्त मास्तरला आणि घालणाऱ्यालाच ठाऊक. शिवाय खिशात आपल्या दुकानाचा फोन नंबर लिहिलेली चिंधी टाचायचा. त्याचा बाप उरुसाच्या गर्दीत हरवला तो हरवलाच, अंगावर नाव नव्हतं की गाव. तेव्हापासून मास्तरचं एकच म्हणणं, "पैसा गेला तं गेला, मानूस घरी आला पायजे."

"उघडून काय करता, वयनी?"

"देऊन टाकतो कोनाले. धोतरं देल्ले, शाल देल्ली. हे एवढं राह्यलं."

"राहू द्या की. एखांदी निशानी..."

"मले नाई पायजे निशानी." गिरजाबाईचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला. "पोरीनं सारं लिहून धाडलं होतं. तुमी वाचून दाखोलं होतं. लाल झेंडा असला तं पान्यात जाचं नाई, हे त्या मानसाले माईत होतं. तरी गेला. मले तीरावर उभं करून गेला. त्याचा फोटो लावून काय हार घालू?"

चाळीस वर्षं ती नवऱ्याला 'तनुजाचे बाबा' म्हणत आली होती. गेले तीन महिने ती 'तो मानूस' म्हणत होती. माणूस मेल्यावर बाई त्याचे दोष विसरते म्हणतात. गिरजाबाईचं उलटंच झालं होतं, आणि ते का झालं हे आख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकट्या सैफुद्दीनला माहीत होतं. तीन महिने त्यानं ते गिळून ठेवलं होतं.

नथ्थूचा आसेगावला दोन एकराचा भाजीचा मळा. दर बाजाराला मेथी-पालकाचं गाठोडं घेऊन यायचा, विक्री झाली की मास्तरच्या दुकानात येऊन बसायचा. तो अंगठेबहाद्दर, मास्तर मराठी शाळेत सातवीपर्यंत गेलेला. त्यामुळे नथ्थूच्या घरचा प्रत्येक कागद सैफुद्दीननंच वाचला. तनुजाच्या दहावीचे मार्क वाचले, तिच्या नोकरीचं पत्र वाचलं, इंग्रजी होतं ते कंपाउंडरकडून समजून घेऊन वाचलं. पोरगी अमेरिकेत गेल्यावर मोबाईलवर मजकूर यायला लागला, तर तोही नथ्थू मास्तरच्याच नाकासमोर धरायचा. पोरगी मास्तरला सैफूचाचा म्हणे.

जानेवारीत तो फोन नाचवत आला होता. "अबे सैफू, पोरगी आमा दोघायले बोलावून राह्यली. तिच्याजवळून मंग समिंदरातल्या बेटावर फिराले नेते म्हनते. काय तं क्यारी-बियानं नाव हाय."

"कॅरिबियन," मास्तरनं वाचून सांगितलं.

"तेच तं. क्यारी आन बियानं. नावावरून तं आपल्याच कामाचं गाव दिसते. नाई जमलं तं तेथं पालक टाकून देईन."

दोघं खूप हसले होते. मग मास्तरनं तनुजानं लिहिलेलं वाचायला घेतलं. बेटावर जपून कसं राहायचं त्याच्या ओळीच होत्या, एकाखाली एक. अंगावर सोनं घालू नका. पैसे चारचौघांत काढू नका. अंधार पडल्यावर एकट्यानं बाहेर जाऊ नका. चौथी ओळ होती, पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत ठेवायचा आणि जवळ फक्त झेरॉक्स बाळगायची.

झेरॉक्स म्हटल्याबरोबर मास्तरच्या डोक्यात माप शिरलं. कागदाची घडी केवढी होईल, खिसा किती खोल घ्यायचा. त्यानं फोन मशीनवर पालथा ठेवला आणि गळ्यातली टेप काढली.

"बाकीचं?" नथ्थूनं विचारलं होतं.

"बाकीचं समिंदराचं दिसते. तू काय मासा हाय? हात वर कर, माप घेऊ दे. बाकीचं मंग वाचतो."

माप झालं, खिशाची जागा ठरली, तेवढ्यात आसेगावच्या जीपनं भोंगा वाजवला. बंडी न्यायला नथ्थूऐवजी शेजारचा माणूस आला. ते 'मंग' राहून गेलं ते राहूनच गेलं.

बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं म्हातारी आपल्या सवयीनं पहाटे उठली. लेक झोपलेली. दोघं समुद्र बघायला निघाली. किनाऱ्यावर एक लाल झेंडा फडफडत होता, आणि नथ्थूनं लांबूनच हात जोडले. गिरजाबाईनं परत आल्यावर हे सगळं मास्तरसमोर सांगितलं होतं. "म्हने, अवं, इथं बी देवी हाय. बंडी काढली, घडी करून माया हातात देली. दोन डुबक्या मारून येतो म्हने." पहिली डुबकी तिनं पाहिली. दुसरी तिला दिसली नाही. दुपारी दूरवर सापडला. तनुजा आईला आणि अस्थी घेऊन आली आणि तेरवीत सगळ्यांसमोर रडत म्हणाली, "मी झेंड्याचंसुद्धा लिहून पाठवलं होतं. बाबांनी ऐकलं नाही." तेव्हाच मास्तरला कळलं की खालच्या ओळींत काय होतं. तरी तो बोलला नाही. एका शब्दानं लेक तुटणार होती, वयनी तुटणार होती, आणि त्या घराशिवाय त्याला तरी जवळचं कोण होतं? त्याची बायको अख्तरी जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता त्यानं बंडी उलटी केली. अंगठ्यानं शिवण चाचपली, दोरा ओढला. खिसा उघडला. झेरॉक्सची घडी जशीच्या तशी होती. तनुजानं दिलेली एक नोट होती. नंबरची चिंधीही होती, शाई जरासुद्धा फुटली नव्हती. खिशानं आपलं काम चोख केलं होतं. सैफुद्दीनला स्वतःच्या कामाची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता बंडी हातात द्यायची की झालं. वयनी उठेल, जीपमध्ये बसेल, बंडी कोणाच्या तरी अंगावर जाईल. आणि नथ्थू त्याच्या घरात कायमचा बायकोला देवीचं नाव सांगून फसवून गेलेला माणूस होऊन राहील.

"वयनी, नथ्थूले माईत नव्हतं," तो म्हणाला.

गिरजाबाईनं वर पाहिलं.

"मी चारच ओळी वाचल्या. झेंड्याचं खाली होतं. मले मापाची घाई झाली. त्यानं विचारलं बी, बाकीचं काय. मीच मंग वाचतो म्हनलो. तो हट्टानं नाई गेला. त्याले कोनी सांगतलंच नाई."

चौकात जीपवाला ओरडतच होता.

"मले फसवून नाई गेला?"

"नाई. देव दिसला म्हून गेला."

"तीन महिने मी त्यायले शिव्या देल्या, मास्तर. चुलीपाशी देल्या, मळ्यात देल्या. येथं येऊन, या पायरीवर बसून देल्या. तुमी ऐकत होते."

"हाव."

"काहून नाई बोलले?"

"भ्यालो," मास्तर म्हणाला. "तुमी बी दार लावून घ्यान, मंग मी कोठं जाऊ?"

तिनं त्याला माफ केलं नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. पदरानं तोंड पुसलं, कनवटीला बांधलेला फोन सोडला. नथ्थूचाच फोन, आता लेक त्याच्यावर आईशी बोलत असे. तो तिनं मास्तरपुढे धरला.

"उरलेलं वाचा."

"आता कायले, वयनी?"

"तनुजाच्या बाबाचं वाचाचं राह्यलं हाय. वाचा."

मास्तरनं चष्मा लावला. बोटानं वर वर सरकवत गेला तेव्हा कुठे जानेवारी सापडला. घसा खाकरून, कागद वाचायचा त्या जुन्या आवाजात तो वाचू लागला. "पाच. समुद्र शांत दिसला तरी त्याच्याकडे पाठ करू नका. सहा. किनाऱ्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलही टाकू नका. बाबा, तो देवाचा झेंडा नसतो, धोक्याचा असतो. सात. मी सोबत नसताना आंघोळीला उतरू नका. तिथं आपली नदी नाही."

पोरगी बापाला किती ओळखून होती. खाली आणखी एक ओळ होती, आणि ती वाचताना त्याचा आवाज कागद वाचायचा राहिला नाही.

"सैफूचाचा, हे बाबांना दोनदा वाचून दाखवा. एकदा सांगितलेलं त्यांच्या कानावरून जातं."

फोन धरलेला हात त्याच्या मांडीवर आला. मोठा माणूस भर बाजारात रडत होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती. गिरजाबाईनं मशीनवरची बंडी ओढून घेतली, उलटी होती ती सुलटी केली, घडी घालून मांडीवर ठेवली. आसेगावची जीप भोंगा वाजवून निघून गेली. ती उठली नाही.

"दोनदा लिवलं हाय पोरीनं," ती म्हणाली.

मास्तरनं बाहीनं चष्मा पुसला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्या ओळीवर आला. "बाबा, एक. अंगावर सोनं घालू नका..."