मी मोजलेलं घर

"एवढी घरपट्टी? आपण काय राजवाड्यात राहतो?" मास्तरांच्या बायकोने नोटीस उलटीपालटी करून पाहिली. "पाय पसरले तर भिंतीला लागतात, आणि म्हणे मोठं घर!"

मित्रांनो, हे मी अगदी जवळून ऐकलं, कारण तेव्हा मी मास्तरांच्या गळ्यात होते. मी एका शिंपीमास्तरांची जुनी टेप आहे. आले तेव्हा पिवळीधमक होते. आता रंग उडालाय, टोकाची एक पितळी पट्टी गळून पडलीय, पण आकडे शाबूत आहेत. शाळेचे गणवेश, कोट, विजारी, सगळ्यांची मापं मी घेतली. गल्लीत मास्तरांच्या मापाचा मोठा दबदबा! माझीही त्यात थोडी वाहवा व्हायची.

मास्तर कापड कापताना प्रत्येक तुकड्याला शिलाईसाठी दोन इंच जास्त सोडत. शिंपी त्याला 'माया' म्हणतात. इतर शिंपी बेताने सोडतात, आमचे मास्तर सढळ हाताने. त्यामुळे घरात प्रत्येकाच्या अर्ध्या बाह्या कोपर ओलांडून निघालेल्या आणि सून स्वतःच्याच कुर्त्यात हरवलेली. पण बोलणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच पुढे येईना.

मग घरपट्टीसाठी मोजणीवाला आला. मास्तरांनी त्याला खुर्ची दिली. "तुम्ही नुसतं लिहा. मापं मी घेतो, जन्म यातच गेलाय." भिंत माझ्याहून लांब, म्हणून त्यांनी मला तुकड्यातुकड्याने लावलं. ते आकडे सांगत गेले, तो लिहीत गेला. आणि आमचं घर मोठ्या घरांच्या गटात जाऊन बसलं. मग आली ती नोटीस.

ती पट्टी भरायची तर पुढची खोली भाड्याने द्यावी लागणार होती. म्हणजे दुकान बंद, आणि मी कायमची खुंटीवर. सुनेने मुदतीच्या आत हरकतीचा अर्ज दिला. "बाबा, पुन्हा मोजून मागू या," एवढंच ती म्हणाली. पुढचं तिने गिळलं.

ठरल्या दिवशी अधिकारी बाई आल्या. त्यांच्याकडे स्टीलची टेप होती, बटण दाबलं की सर्रकन आत पळणारी. काय तिचा तोरा! पण माप तिने चोख घेतलं, हे मान्य करते.

"घर लहान गटातच बसतंय, काका. पट्टी कमी होईल," बाई म्हणाल्या.

सुनेने टाळी वाजवली. मी मास्तरांच्या गळ्यात हिंदकळले.

"पण फरक का पडला, ते लिहावं लागेल. मोजणीवाल्याने झोपेत मोजलं की काय? त्याला जाब विचारते."

"त्याला कशाला?" मास्तर उसळले. "मापं मी दिलीत, आणि माझं माप चुकत नाही. बघा!"

त्यांनी मला भिंतीला लावलं. मी सरळ ताठ पडले. दुसऱ्या टोकाशी खडूची खूण करून ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "बासष्ट!"

बाई वाकून माझ्याकडे बघू लागल्या. "काका, ही टेप तर साठावर संपते."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा. आम्हाला गुंडाळून ठेवा, उन्हात टाकू नका. पण अधूनमधून आमच्या अंगावर काय लिहिलंय, तेही वाचत जा.

सून पंख्याकडे बघत राहिली. मास्तर पुटपुटले, "दोन इंच जोडाला लागतात ना..."

तेव्हा त्यांच्या बायकोने पदराने डोळे टिपले. हसूनहसून पाणी आलं होतं त्यांत.

"अहो, भिंतीला कुठली शिवण? लिहा हो बाई, त्या मोजणीवाल्याचा काही दोष नाही. आणि आता तोंड उघडलंच आहे तर सांगते, अहो, तुम्ही शिवलेले कपडेसुद्धा आम्हाला सगळ्यांना ढगळ होतात. पहिल्या दिवसापासून!"