अकरा नंबरने गिळलेलं वाक्य

मी हेडफोन बोलतोय. अकरा नंबरचा. विद्यापीठात परदेशी भाषांचा विभाग आहे ना, त्याच्या लॅबमधला. हेडफोन कधीपासून बोलायला लागला म्हणाल, तर आजपासून. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं वाहिलं, आता जरा माझं ऐका.

जन्म कारखान्यातला. एका बाईने माझ्या पोटात दोन तारा जोडल्या आणि "चल, पुढचा" म्हणाली. झालं माझं बारसं. तिथून थेट या लॅबमध्ये. प्लायवुडचे सोळा खोपे, प्रत्येकात एक टेपरेकॉर्डर, एक हेडफोन आणि फळीवर पोरांनी कोरलेले बदाम.

शिक्षण म्हणाल तर माझं अर्धवट. 'स्टेशनवर', 'बाजारात', 'दवाखान्यात' असे दुसऱ्या वर्षापर्यंतचे धडे तोंडपाठ. तिसऱ्या वर्षाचं काही विचारू नका, तोवर पोरंच पळून जायची. पण एकच धडा तीनशे वेळा ऐकला की भिंतीलाही भाषा येते, मी तर हेडफोन.

आणि वाह्यात तर इतका! माझी वायर जिथे पिनेत शिरते तिथे एक खोड आहे. तिथे जरा अंग चोरलं की आवाज गुल. मग काय, ऐन परीक्षेत टेपवरची बाई म्हणणार, "गाडी सुटण्याची वेळ आहे," आणि वेळ सांगायच्या आत मी गप्प. पोरगं घामाघूम. लॅबवाले काका यायचे, मला टेबलावर आपटायचे.

"हा अकरा नंबर नुसता नाटकी आहे. एक थोबाडीत दिली की पोपटासारखा बोलतो."

बोलायचोच. मजा यायची.

मग ती आली. कोर्स संपेपर्यंत प्रत्येकाला एक खोपा ठरलेला असतो, तिच्या वाट्याला मी आलो. लॅब बंद होईपर्यंत उठायची नाही, म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं चिकटपट्टी. बाकीच्यांना परदेशी जायचं होतं, नाहीतर सर्टिफिकेट हवं होतं. हिच्या पिशवीत एक कॅसेट होती.

"काय गं चिकटपट्टे, गाणी का?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका. बाबा परदेशात क्रेन चालवायचे. आमच्याकडे फोन नव्हता, म्हणून शेजारच्या औषधाच्या दुकानाचा नंबर दिलेला. एकदा दुकान बंद असताना फोन आला, तो मशीनमध्ये रेकॉर्ड झाला, त्याचीच ही कॅसेट. कुणीतरी बाई बोलत होती. एक अक्षर कळलं नाही. पण आवाज इतका मायेचा, की आई म्हणाली, काहीतरी चांगलंच असणार, येत असतील घरी. आम्ही त्यांची गादी उन्हात टाकली."

"मग?"

"दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. अपघात झाला, जागच्या जागी गेले म्हणे. त्यात अपघाताची तारीख त्या फोनच्या चार दिवस आधीची."

काकांच्या हातातला फडका थांबला. "अगं, मग त्या बाईने फोन कशाला केला?"

"तेच तर शिकायला आलेय."

"शिकवणाऱ्या मॅडमना ऐकव की. दोन मिनिटांचं काम."

"आई नाही म्हणते. त्यांची शेवटची गोष्ट परक्याच्या तोंडून नको, म्हणते. तू शीक, तू सांग. तिला एकच विचारायचंय, शेवटी ते एकटे होते का."

तिने कॅसेट लावली. तिला कळला फक्त 'नमस्कार'. मला सगळं कळलं.

बाई नर्स होती. ती सांगत होती, तुमचा माणूस इथे आहे, शुद्धीवर आहे. ऑपरेशनला घरच्यांचा होकार लागतो. गुरुवारपर्यंत फोन करा, नाहीतर हातातून वेळ जाईल. आणि त्या घरात गुरुवारी गादी उन्हात वाळत होती.

पहिलं वर्ष मी मुकाट्याने सगळं ऐकवलं. कळत नव्हतं ना तिला, मग काय बिघडतंय? पण दुसऱ्या वर्षी 'दवाखान्यात' धडा आला आणि माझी टरकली. रोज एकेक शब्द तिच्या वहीत उतरत होता. एक दिवस ती ओरडलीच, "काका, शुद्धीवर होते! बाबा जिवंत होते!" त्याच्या पुढचंच वाक्य होकाराचं.

मी अंग चोरलं.

खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी खोडी मनापासून केली, कुणाच्या भल्यासाठी. 'शुद्धीवर आहे' झालं की मी मुका. बाकीच्या कॅसेट मात्र खणखणीत वाजवायचो, म्हणून संशय कॅसेटवर गेला.

"झिजली असेल गं, इतक्यांदा घासलीस," काका म्हणाले. घरी तिच्याकडे टेप नव्हता. ती कॅसेट कापसाने पुसायची, पेन्सिलीने फिरवायची, पुन्हा लावायची. मी पुन्हा मुका. असे तीन महिने.

घरी काय चाललं होतं ते मला तिच्या बोलण्यातून कळायचं. आईने अंथरूण धरलं होतं. लेक दारात दिसली की विचारायची, "कळलं का गं पुढचं? एकटे होते का ते?" आधी निदान 'जागच्या जागी गेले' या समजुतीवर तरी ती झोपायची. आता तेही गेलं.

मग आठ दिवस चिकटपट्टी आलीच नाही. आली तेव्हा कॅसेट हातातच होती.

"आई कशी आहे?" काकांनी विचारलं.

"गेली. शेवटपर्यंत तेच विचारत होती."

ती माझ्यापाशी बसली. या वेळी मी ठरवलं होतं, सगळं ऐकवायचं. पण इतक्यांदा अंग चोरून चोरून माझी वायर खरंच तुटली होती. काकांनी एक थोबाडीत दिली, दुसरी दिली. नाहीच.

"मेला वाटतं हा. बस बारावर."

बारा नंबर साधाभोळा. त्याने सगळं ऐकवलं. प्लायवुडच्या पलीकडून मलाही बारीक ऐकू येत होतं. होकार. गुरुवार. तिची पेन्सिल थांबली, पण टेप चालूच होता. शेवटचं वाक्य आलं.

"तोपर्यंत काळजी करू नका. ड्यूटी संपली की मी त्यांच्याजवळ बसते. ते एकटे नाहीत."

हे वाक्य मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण माझी नुसती एक वायर. मोडली की वाईटाबरोबर त्याच्या मागून येणारं चांगलंही जातं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

तिने टेप मागे घेतला, तेवढंच वाक्य पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हळूच म्हणाली, "आई, एकटे नव्हते गं." तिने कॅसेट पिशवीत टाकली, काकांना नमस्कार केला आणि गेली. तिसऱ्या वर्षाला तिने नाव घातलं नाही.

आता मी खोक्यात आहे, तुटक्या पिना आणि वायरींच्या गुंत्यात. कुणाचा निरोप तुमच्या हाती असेल तर सगळा पोहोचवा, बाबांनो. त्यातलं काय सोसेल नि काय नाही, ते ज्याचं त्याला ठरवू द्या. मी ठरवायला गेलो आणि एक म्हातारी वाट बघत गेली.

कधीमधी काका स्क्रू शोधायला खोका उघडतात. मला बाजूला सारतात. तेव्हा वाटतं, काका, एकदा थोबाडीत द्या ना. बोलतो मी. सगळं बोलतो.