फोटोपुरतं पाणी

"मॅडम, ग्लास जरा वर धरा, बँकेचं नाव दिसू द्या," फोटोग्राफर म्हणाला.

शाखा व्यवस्थापक विजयमालाने ग्लास वर धरला. बँकेने शाळेला दिलेलं पाणी शुद्ध करायचं यंत्र व्हरांड्यात हार घालून उभं होतं. त्याला नळाची जोडणीच नव्हती. ग्लासातलं पाणी बाहेरून मागवलेल्या जारमधलं. मुलं बिचारी मनापासून टाळ्या वाजवत होती.

"जोडणी कधी?" तिने प्रादेशिक व्यवस्थापकांना, निंबाळकर साहेबांना, विचारलं.

"बघू एप्रिलात. वार्षिक अहवालाला फोटो लागतो."

गाडीत बसल्यावर साहेबांनी खरा विषय काढला. त्यांच्या कर्जदार गुरुशांतचा टॉवेलचा कारखाना दिवाळीपासून बंद होता आणि कर्जाचे हप्ते थकले होते.

"त्याच्या बायकोच्या, धनलक्ष्मीच्या नावानं नवीन कर्ज द्या, त्यातून जुनं भरून घ्या. मार्चअखेर खातं बुडीत दिसायला नको. नफा घसरला तर वर मला तोंड द्यावं लागतं."

"कारखान्यातले मागच बंद आहेत, साहेब. धनलक्ष्मी फेडणार कशानं?"

"ते पुढचं पुढे. तुमच्या आई अंथरुणावर आहेत ना? सोलापुरातच राहायचंय ना तुम्हाला? मग सही करून टाका."

विजयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईला मध्ये ओढायचं काय कारण होतं?

"सही होणार नाही. खातं थकलंय, थकलेलंच दाखवणार."

आणि तिने तसंच दाखवलं. बदलीचा हुकूम यायला उशीर लागला नाही. थेट रायपूर. जायच्या आधी तिने शाळेत प्लंबर नेला आणि यंत्रातून पाणी पडेपर्यंत मुख्याध्यापकांच्या खोलीतून हलली नाही.

घरी ती बॅग भरायला बसली. आईला, केराबाईंना, करकंबला मावशीकडे ठेवायचं ठरलं होतं. भवानी पेठेतल्या या दोन खोल्या सोडून त्या कधी लेकीच्या बदलीच्या गावी गेल्या नव्हत्या. 'मरंन तर हितंच,' हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

"लई लांब हाय का गं रायपूर?"

"हो, आई."

"सही केली असतीस तर हितंच ऱ्हायली असतीस?"

"हो."

केराबाईंनी उशाखाली हात घातला, घडी घातलेली दोन लुगडी ओढून काढली आणि लेकीपुढे सरकवली.

"ही बी घाल की बॅगंत."