अर्ध्यावर थांबलेला शाफ्ट

लॅबला कुलूप तुम्हीच घालता प्राचार्य साहेब, आणि पोरांना काही येत नाही म्हणून ओरडताही तुम्हीच!

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. इंजिनिअरिंग कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये बसून आहे. लोखंड न कापता यंत्र कुठे तुटेल ते पडद्यावर दाखवायचं, हे माझं काम. आणलं तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डवर उडालं. मग अंगावर प्लॅस्टिक चढलं. तपासणी समिती आली की ते निघतं, समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की परत चढतं.

आणि प्रॅक्टिकल? सर एकदा प्रोजेक्टरवर दाखवतात. पोरं जुन्या आलेखाची झेरॉक्स जर्नलमध्ये चिकटवतात. कोपऱ्यात साहिलचं नाव असतं. तो केव्हाच पास होऊन गेला. साठ जर्नलांत साठ साहिल, आणि सगळ्यांवर सरांची सही!

हेमांगीने मात्र चिकटवलं नाही. तिचे बाबा, भिकू, रेवदंड्याला मासेमारीची बोट चालवतात. बोटीचा पंखा फिरवणारा शाफ्ट, म्हणजे लोखंडी दांडा, दोन वर्षांत दोनदा एकाच जागी तुटला. दुसऱ्यांदा चार माणसांसकट बोट खडकावर जाता जाता वाचली. आता पुन्हा तसाच शाफ्ट बसवलाय. हेमांगीने त्याची मापं आणली, माझ्यात भरली, सेव्ह केली. गणित सुरू झालं. पडद्यावर आलं, अजून वीस मिनिटं.

तेवढ्यात चार वाजले. लॅबचे शिपाई रघूभाऊ मेन स्विचपाशी गेले.

"रघूभाऊ, वीस मिनिटं थांबा ना!"

"मी थांबलो असतो गो, पण प्राचार्य साहेबांची ऑर्डर हाय. चारला लाइट बंद."

दारातून सर म्हणाले, "जर्नल पूर्ण कर आधी. हे काय खेळत बसलीस?"

"सर, एक तारखेला मासेमारीची बंदी उठली की बाबांची बोट समुद्रात जाईल."

"अभ्यासक्रमात बोट नाहीये."

खटकन पडदा विझला. माझे कान मात्र विझत नाहीत. माझ्याच शेजारी उभी राहून तिने फोन लावला, "बाबा, आमच्या वर्गाला लॅब आता पाच तारखेलाच मिळेल. बंदी उठल्यावर चार दिवस थांबशील?"

"न्हाय गो पोरी. सगल्यांच्या बोटी जातील, आपली कशी बांधून ठेवू?"

मित्रांनो, मला पुसून चकचकीत ठेवू नका. मला वापरा. चुकीची मापं भरा, माझ्या पडद्यावर शंभर शाफ्ट मोडा, त्यात कोणी बुडत नाही.

आणि साहेब, आज एकोणतीस जुलै. पोरीची मापं माझ्याकडे तशीच पडून आहेत. भिकूच्या बोटीवर चार माणसं असतील. वीस मिनिटं देताय की नाही? एक तारखेच्या आत सांगा.